रायफल नेमबाजी : सव्वा मिलिमीटरचा हिशेब

रिओ दी जानेरो येथील २०१६ च्या ऑलिम्पिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत भारताचा अभिनव बिंद्रा आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश यांचे गुण समान झाले. पदकाच्या शर्यतीत पुढे कोण राहणार, हे एका जादा नेमावर ठरायचे होते. बिंद्राने १०.० गुण मिळवले, कुलिशने १०.५. दोघांचेही नेम दहाच्या वर्तुळात बसले होते. लक्ष्याच्या केंद्रापासून मोजले तर त्यांच्यातील फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतो. तेवढ्या अंतराने बिंद्रा चौथ्या स्थानावर थांबला आणि कुलिश पुढे रौप्यपदकाचा मानकरी ठरला.

आठ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, फ्रान्समधील शातोरू येथे पॅरिस ऑलिम्पिकची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन स्पर्धा झाली. कुलिशने तेथेही रौप्यपदक मिळवले. त्याच्या शेजारी कांस्यपदक घेऊन उभा राहिला तो कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. स्वप्नीलची अंतिम फेरीतील गुणसंख्या ४५१.४ होती. चव्वेचाळीस नेमांची सरासरी काढली तर ती १०.२६ येते. याचा अर्थ असा, की पन्नास मीटरवरून त्याच्या गोळ्या केंद्रापासून सरासरी साडेपाच ते सहा मिलिमीटर अंतरावर लागत होत्या.

असा नेम कशामुळे बसतो? नजर तीक्ष्ण असावी लागते, हात पोलादी असावा लागतो, रायफल लाखमोलाची असावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र, रायफल नेमबाजीतील अचूकता म्हणजे एकच कृती हुबेहूब पुन्हा पुन्हा करण्याची क्षमता होय. नजर, हात आणि हत्यार ही त्या कृतीची साधने आहेत. ही गोष्ट एकदा पटली, की सरावाची दिशा बदलते. नागपूर व विदर्भातील नवोदित नेमबाजांसाठी तर तिचे महत्त्व अधिक आहे. मुंबईतील वरळीची रेंज येथून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि अनुभवी प्रशिक्षक रोज पाठीशी उभा असेलच असे नाही. अशा वेळी स्वतःच्या लक्ष्यपत्रावरील छिद्रे वाचता येणे, हीच मोठी शिदोरी ठरते.

आधी पुंजका, मग केंद्र

राष्ट्रीय छात्र सेनेत (एनसीसी) ज्यांनी ०.२२ रायफल हाताळली आहे, त्यांना 'ग्रुपिंग' हा शब्द चांगलाच परिचित असतो. कॅडेटने झाडलेल्या पाच गोळ्या लक्ष्यपत्रावर कोठे लागल्या यापेक्षा त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, हे प्रथम पाहिले जाते. नागपूरशेजारच्या कामठी येथे एनसीसी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे. तेथून शिकून जाणारे शिक्षक शाळा-महाविद्यालयांत हाच पहिला धडा देतात. या धड्याची थोरवी पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते.

समजा, एका नेमबाजाच्या दहाही गोळ्या डावीकडे खाली, पण नखाएवढ्या जागेत लागल्या आहेत. दुसऱ्याच्या गोळ्या लक्ष्यभर विखुरल्या असून त्यातील दोन नेमक्या मध्यभागी आहेत. पाहणाऱ्याला दुसरा बरा वाटेल. वास्तविक पहिला उत्तम नेमबाज आहे. त्याने साइटचा स्क्रू फिरवून पुंजका मध्यावर आणला, की काम झाले. दुसऱ्याच्या दोन गोळ्या मध्यभागी लागल्या तो योगायोग. पुंजक्याचा आकार ही नेमबाजाची गुणवत्ता. पुंजक्याची जागा ही केवळ साइटची जुळवणी.

येथेच बहुतेक नवशिके एक चूक करतात. एक गोळी उजवीकडे गेली, की ते लगेच साइट डावीकडे फिरवतात. पुढची डावीकडे गेली, की पुन्हा उजवीकडे. कोणत्याही नेमबाजाच्या गोळ्या थोड्याफार विखुरतातच. त्या नैसर्गिक विखुरण्याला दोष समजून प्रत्येक गोळीनंतर पूर्ण दुरुस्ती करत गेल्यास विखुरणे कमी होण्याऐवजी वाढते. गणिती हिशेबाने ही वाढ सुमारे ४१ टक्के भरते. म्हणून किमान पाच, शक्य तर दहा गोळ्या झाडाव्यात, त्यांच्या पुंजक्याचा मध्य काढावा आणि मगच साइटला हात लावावा. एका गोळीपेक्षा चार गोळ्यांच्या सरासरीतील चूक निम्मी असते, नऊ गोळ्यांच्या सरासरीत ती एकतृतीयांश होते.

लक्ष्याचे माप

ज्या लक्ष्यावर नेम धरायचा, त्याची मापे तोंडपाठ असावीत. दहा मीटर एअर रायफलमध्ये शिशाचा ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा वापरतात. त्याला सर्वत्र 'पेलेट' म्हटले जाते. लक्ष्याच्या मध्यभागी दहाचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर आहे. पेलेटची कड ठिपक्याला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. त्यामुळे पेलेटचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत असावे लागते. त्याही आत दशांशाची मोजणी चालते. प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश, अशा चढत्या क्रमाने १०.९ पर्यंत गुण मिळतात.

साठ नेमांच्या पात्रता फेरीत कमाल गुण ६५४ असतात. या फेरीत प्रत्येक पेलेट सरासरी पाव मिलिमीटर जरी केंद्राच्या जवळ आली, तरी एकूण गुणसंख्या सहाने वाढते. राज्य पातळीवरील मधल्या फळीतला नेमबाज आणि अंतिम फेरीत जाणारा नेमबाज यांच्यात अनेकदा एवढेच अंतर असते. प्रगती मोठ्या उडीने होत नसते, ती अशी पाव-पाव मिलिमीटरने होते.

पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे आहे. ०.२२ गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असल्याने गोळीचे केंद्र आठ मिलिमीटरच्या आत आले, की दहा गुण मिळतात. ०.२२ रायफल हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील अग्निशस्त्र असल्याने तिचा सराव परवाना किंवा अधिकृत संस्थेमार्फतच करता येतो. म्हणूनच बहुतेकांची सुरुवात एअर रायफलने होते आणि पाया घडवण्यासाठी तेच योग्य आहे.

उभे राहण्याची पद्धत

अचूकतेचा पाया पायांत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एअर रायफलचे वजन नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत असू शकते. हे वजन स्नायूंच्या जोरावर पेलले, तर काही मिनिटांतच स्नायू थकतात आणि थरथरू लागतात. वजन हाडांवर टाकले, तर सव्वा तासाची फेरी निभावता येते. त्यासाठी उजव्या हाताच्या नेमबाजाने लक्ष्याकडे डावी कूस करून उभे राहावे, दोन्ही पायांत साधारण खांद्याएवढे अंतर ठेवावे, डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकवावे आणि रायफलचा भार हात, कंबर व पाय अशा सरळ रेषेत जमिनीकडे जाऊ द्यावा. कुंदा खांद्यावर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी बसला पाहिजे आणि गाल रायफलवर एकाच जागी, एकाच दाबाने टेकला पाहिजे. नेमासाठी डोके पुढे झुकवू नये. रायफल डोळ्यांपर्यंत आणावी.

यानंतरची पायरी म्हणजे शरीराचा नैसर्गिक नेम शोधणे. पवित्रा घेऊन रायफल लक्ष्यावर आणावी, डोळे मिटावेत, दोन-तीन संथ श्वास घ्यावेत आणि शरीर सैल सोडून डोळे उघडावेत. नेम लक्ष्यावरून सरकलेला दिसला, तर समजावे की आधीचा नेम स्नायूंच्या ओढीने धरलेला होता. अशा वेळी हाताने रायफल ओढून नेम जुळवू नये. नेम डावीकडे किंवा उजवीकडे असेल, तर पाय किंचित सरकवून संपूर्ण शरीर वळवावे. नेम वर किंवा खाली असेल, तर रायफलखालच्या हाताची जागा बदलावी. डोळे उघडताच लक्ष्य समोर दिसेपर्यंत हे करत राहावे. ही तपासणी सरावाच्या व स्पर्धेच्या सुरुवातीला आणि विश्रांतीनंतर प्रत्येक वेळी झाली पाहिजे.

थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून असे प्रत्येकी वीस नेम घ्यावे लागतात. पहिल्या दोन प्रकारांत चामडी पट्टा, म्हणजे स्लिंग, वापरता येतो. उभ्या प्रकारात त्याला परवानगी नाही. पट्टा दंडावर फार घट्ट किंवा चुकीच्या जागी बसला, तर नाडीचा प्रत्येक ठोका साइटमध्ये उडी मारताना दिसतो. पट्ट्याची जागा बोटभर वर-खाली केल्याने हा त्रास पुष्कळदा थांबतो. उभा प्रकार सर्वांत कठीण मानला जातो. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नील कुसाळेला गुडघ्यावर १९८, पालथे १९७ आणि उभे राहून १९५ असे एकूण ५९० गुण मिळाले होते.

नेम : डोळ्याने काय पाहावे

स्पर्धेच्या रायफलला दुर्बीण नसते. डोळ्याजवळ बारीक छिद्राची मागची साइट आणि नळीच्या टोकाशी गोल कड्याची पुढची साइट असते. मागच्या छिद्रात पुढचे कडे आणि त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल, अशी एकात एक वर्तुळे बसवायची असतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. नवशिक्याची नजर साहजिकच काळ्या गोलाकडे धावते. ती पुढच्या साइटवर ठेवावी आणि काळा गोल किंचित धूसर दिसू द्यावा.

यामागचे कारण साधे आहे. दोन्ही साइट एका रेषेत असताना संपूर्ण रायफल एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर पेलेटही जवळपास एकच मिलिमीटर सरकते. मात्र दोन साइटची एकमेकींशी जुळणी बिघडली, तर चूक अंतरागणिक वाढत जाते. दोन साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर पुढची साइट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी चुकल्यास दहा मीटरवर अडीच मिलिमीटरची आणि पन्नास मीटरवर साडेबारा मिलिमीटरची चूक होते. दहाचा नेम नवावर आणायला एवढी चूक पुरेशी असते.

पुढच्या कड्याचा आकारही विचारपूर्वक निवडावा. काळ्या गोलाभोवती पांढरी, स्वच्छ कडा दिसली पाहिजे. कडे फार लहान असेल, तर लक्ष्य कडेला घासते आहे असे वाटून मन अस्वस्थ होते आणि नेमबाज घाईने चाप ओढतो. थोडे मोठे कडे हालचालीला वाव देते व डोळ्याला शांत ठेवते.

दुसरा डोळा मिटून धरू नये. त्यामुळे चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि नेम धरणाऱ्या डोळ्यावरही परिणाम होतो. त्याऐवजी दुसऱ्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावावी. नियमानुसार तिची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी.

श्वास आणि चाप

श्वास घेताना छाती फुगते आणि तिच्याबरोबर रायफल वर-खाली होते. नेहमीचा श्वास सोडल्यानंतर पुढचा श्वास घेण्यापूर्वी शरीर क्षणभर आपोआप स्थिर होते. हा विराम थोडा लांबवून त्यात नेम पूर्ण करावा. श्वास रोखून आठ-दहा सेकंद झाले, की डोळ्याला आणि स्नायूंना प्राणवायू अपुरा पडू लागतो. दृष्टी मंदावते, पण काळा गोल तसाच दिसतो आहे असा भास होत राहतो. म्हणून तेवढ्या वेळात चाप ओढला गेला नाही, तर रायफल खाली घ्यावी, श्वास घ्यावा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. नेम सोडून देण्याचे धैर्य हे चांगल्या नेमबाजाचे लक्षण आहे. साठ नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात. म्हणजे प्रत्येक नेमाला सव्वा मिनिट. घाईचे कारण नसते.

चाप बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे आणि वाढत्या दाबाने ओढावा. बोटाचा रायफलच्या लाकडाला किंवा धातूला स्पर्श होऊ नये. अन्यथा चापाबरोबर रायफलही ढकलली जाते. रायफल अगदी स्थिर झाली की लगेच चाप खेचायचा, हा मोह घातक असतो. पूर्ण स्थिर अशी रायफल जगात कोणाच्याही हातात नसते. ती लहानशा वर्तुळात हलतच राहते. त्या हालचालीचा स्वीकार करून दाब वाढवत नेला, तर पेलेट त्या लहान वर्तुळात जाते. क्षण पकडण्यासाठी झटका दिला, तर ती वर्तुळाबाहेर पडते.

चाप ओढल्यानंतरचा सेकंदही महत्त्वाचा आहे. एअर रायफलची पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जाते. पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत झालेली हालचाल थेट लक्ष्यावर उमटते. म्हणून चाप ओढल्यावर एक-दोन सेकंद पवित्रा, नजर आणि बोट तसेच ठेवावे. याला 'फॉलो-थ्रू' म्हणतात. 'कोठे लागली' हे पाहण्याच्या उत्सुकतेने डोके वर उचलणाऱ्याचे गुण याच ठिकाणी गळतात.

रायफल आणि पेलेट

साधनांचे महत्त्व नाकारता येत नाही. मात्र त्यांचा क्रम नंतरचा आहे. स्पर्धेची चांगली एअर रायफल शिकंज्यात घट्ट बसवून त्याच जातीच्या दहा पेलेट झाडल्या, तर लक्ष्यपत्रावर पाच-साडेपाच मिलिमीटर रुंदीचे जवळपास एकच भोक पडते. म्हणजे रायफलचा स्वतःचा दोष मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच रायफलने नेमबाजाचा पुंजका वीस मिलिमीटरचा होत असेल, तर नवी रायफल घेतल्याने तो आठ मिलिमीटरचा होणार नाही. खर्च करण्यापूर्वी पालकांनी ही चाचणी अवश्य करून घ्यावी.

पेलेटची निवड मात्र स्वस्तात लाभ देणारी आहे. एकाच कंपनीच्या पेलेट ४.४९, ४.५० अशा सूक्ष्म फरकांच्या व्यासात मिळतात आणि प्रत्येक नळीला एखादाच प्रकार मानवतो. दोन-तीन प्रकार शिकंज्यावर तपासावेत, उत्तम ठरलेल्या डब्याचा उत्पादन क्रमांक टिपून ठेवावा आणि स्पर्धेसाठी त्याच क्रमांकाचे डबे राखून ठेवावेत. वाकलेल्या कडेची पेलेट बाजूला काढावी. कुंद्याचे व साइटचे स्क्रू दर आठवड्याला तपासावेत. पुंजका अकारण दोन ठिकाणी विभागला गेला, तर आधी सैल स्क्रूचा संशय घ्यावा.

नागपूरचे ऊन, विदर्भातील वारा

दहा मीटरची नेमबाजी बंदिस्त सभागृहात होते. तरीही नागपूरचे हवामान तेथे पोहोचतेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. जाड कापड व चामड्याचा नेमबाजीचा कोट अंगावर असताना घामाने शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. नाडी वाढते, हात थरथरतात, घामाचा थेंब डोळ्यात उतरतो. उन्हाळ्यात सराव पहाटे किंवा सकाळी करावा, वीस-पंचवीस मिनिटांनी कोट उघडून विश्रांती घ्यावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे.

हवेचा सिलिंडर हा दुर्लक्षित विषय आहे. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा असते. तो बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवणे धोक्याचे आहे. सिलिंडरवर कोरलेली मुदत, जी निर्मितीपासून कमाल दहा वर्षे असते, पाहूनच तो वापरावा.

पन्नास मीटरच्या खुल्या रेंजवर वारा हा खरा प्रतिस्पर्धी असतो. ०.२२ गोळीला लक्ष्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात सेकंदाला एक मीटर वेगाचा मंद आडवा वाराही तिला पाच-सहा मिलिमीटर बाजूला नेतो. गोळी स्वतःभोवती फिरत असल्याने वारा तिला केवळ बाजूला नेत नाही. उजवीकडून येणारा वारा तिला डावीकडे व किंचित वर, तर डावीकडून येणारा वारा उजवीकडे व किंचित खाली नेतो. रेंजवर दहा व तीस मीटरवर कापडी निशाणे लावलेली असतात. त्यांतील नेहमी दिसणारी एक स्थिती निवडावी, त्या स्थितीसाठी साइट जुळवावी आणि निशाणे पुन्हा तशीच झाल्यावरच गोळी झाडावी. प्रत्येक झुळुकीचा पाठलाग करण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे.

उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या लहरींमुळे लक्ष्य थरथरताना आणि प्रत्यक्ष जागेपासून सरकलेले दिसते. दारूच्या ज्वलनावरही तापमानाचा परिणाम होतो. डिसेंबरच्या थंडीत जुळवलेली साइट एप्रिलमध्ये तशीच चालेल, असे गृहीत धरू नये. प्रत्येक ऋतूत पुंजका पाहून नवी नोंद करावी.

सराव आणि नोंदवही

गोळी न झाडता केलेला सराव, म्हणजे 'ड्राय फायरिंग', हा या खेळाचा रियाज आहे. घरच्या भिंतीवर अंतराच्या प्रमाणात लहान केलेला काळा गोल लावून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, रोज अर्धा तास पवित्रा, श्वास, चाप आणि फॉलो-थ्रू यांचा सराव करता येतो. पेलेटचा खर्च नाही, गुणांची चिंता नाही. त्यामुळे लक्ष केवळ कृतीवर राहते. रायफलची यंत्रणा त्यासाठी योग्य आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

दुसरा उपयुक्त प्रकार म्हणजे कोऱ्या कागदावर नेमबाजी. लक्ष्यपत्र उलटे लावावे. काळा गोल नसल्याने गुणांचा मोह राहत नाही आणि नेमबाजाला स्वतःच्या शरीराची जाणीव होते. अनेकांचा पुंजका कोऱ्या कागदावर आश्चर्यकारकरीत्या लहान होतो. घोटाळा हाताचा नसून मनाचा आहे, हे त्यातून कळते.

तिसरा प्रकार म्हणजे न पाहता सांगणे. चाप ओढताच गोळी कोठे गेली असेल, ते आधी वहीत लिहावे आणि मग पाहावे. अंदाज व छिद्र जुळू लागले, की नेमबाज स्वतःचा प्रशिक्षक होऊ लागतो.

नोंदवहीत तारीख, वेळ, तापमान, साइटच्या स्क्रूची स्थिती, पेलेटचा क्रमांक आणि पुंजक्याचे चित्र असावे. पुंजक्याचा आकार बरेच काही सांगतो. उभा लांबट पुंजका असेल, तर श्वासाची लय किंवा कुंद्याची जागा तपासावी. आडवा असेल, तर पायांची दिशा, बोटाचा बाजूचा दाब आणि खुल्या रेंजवर वारा पाहावा. दोन वेगळे पुंजके दिसले, तर गालाची जागा बदलते आहे किंवा एखादा स्क्रू सैल आहे. गोल पण मोठा पुंजका असेल, तर पवित्र्याची स्थिरता वाढवायला हवी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम किमान आठवडाभर पाहावा. एकाच दिवशी कोट, पवित्रा आणि पेलेट बदलणाऱ्याला सुधारणा कशाने झाली हे कधीच समजत नाही.

मनाची शिस्त

महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची उज्ज्वल परंपरा आहे. एनसीसीतून पुढे आलेल्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे वयाच्या अठराव्या वर्षी दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे पुढे स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक झाल्या.

या परंपरेतच मनाच्या कसोटीचे बोलके उदाहरण आहे. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. चाळीस नेम, चाळीस वेळा दहा. त्याच वर्षी अथेन्सच्या अंतिम फेरीत त्यांना आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले. कौशल्य तेच, व्यक्ती तीच. तरीही निकाल वेगळा. पुढे त्या नामवंत प्रशिक्षक झाल्या.

मनाच्या तयारीचे शास्त्र महाराष्ट्रातील खेळाडूंपर्यंत नेण्यात नाशिकचे दिवंगत भीष्मराज बाम यांचा वाटा मोठा आहे. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बाम यांनी योगातील एकाग्रतेची व श्वासाची तंत्रे नेमबाजांना शिकवली. या विचाराचा सार असा, की गुण हे कृतीचे फळ आहे. मन फळावर गेले, की कृती बिघडते. प्रत्यक्षात त्यासाठी प्रत्येक नेमाचा एक ठरलेला क्रम असावा : पवित्रा, श्वास, गाल, साइट, चाप, फॉलो-थ्रू. मागचा नेम दहाचा असो वा आठचा, पुढचा त्याच क्रमाने व्हावा.

शातोरूच्या अंतिम फेरीत चाळीस नेमांनंतर एकेका नेमावर खेळाडू बाद होऊ लागले, तेव्हा स्वप्नीलचे गुण १०.५, ९.४, ९.९ आणि १०.० असे होते. त्यातील ९.४ चा नेम केंद्रापासून सुमारे साडेबारा मिलिमीटर दूर गेला होता. ऑलिम्पिकच्या व्यासपीठावर असा नेम पाठोपाठ दुसऱ्या चुकीला आमंत्रण देतो. ते घडले नाही. पुढचा नेम त्याच क्रमाने झाला आणि कांस्यपदक हाती राहिले.

सुरक्षिततेला पर्याय नाही

रायफल रिकामी असली तरी ती भरलेली आहे, असे मानूनच हाताळावी. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने असावे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर राहावे. रेंजवर कोणी पुढे गेले असेल, तर रायफलला हात लावू नये आणि नळीत सुरक्षा दोरी घातलेली असावी. घरी रायफल व पेलेट वेगवेगळ्या कुलपात ठेवाव्यात. एअर रायफल खेळणे नाही. जवळून लागलेली पेलेट डोळा निकामी करू शकते.

या खेळात वय, उंची वा शरीरयष्टी यांचा अडसर फारसा नसतो. दहा मीटर लांबीची सुरक्षित जागा, एक साधी रायफल, एक वही आणि रोजचा तास-दीड तास एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या महिन्यात दहाचा आकडा मोजू नये, पुंजका मोजावा. वहीच्या पानावरील छिद्रे महिन्यागणिक एकमेकींच्या जवळ सरकू लागली, तर नेमबाज योग्य वाटेवर आहे, असे खुशाल समजावे.